सणासुदीचे दिवस आणि स्वमग्न मुले : पूर्वतयारी कशी करावी?

श्रावण सरत आला की घरोघरी गणपतीच्या तयारीची लगबग सुरू होते आणि तेथून नवरात्र, दसरा, दिवाळी, नाताळ असा सणांचा क्रम लागतो. कोलकात्यातील दुर्गापूजा असो, दिल्लीतील दिवाळी असो वा पुण्यातील विसर्जन मिरवणूक, गर्दी, आवाज, रोषणाई आणि पाहुण्यांची वर्दळ ही या दिवसांची सर्वत्र समान खूण असते. स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या मुलासाठी मात्र हेच दिवस वर्षातील सर्वांत कठीण ठरू शकतात. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ओळखीची माणसे या ज्या तीन आधारांवर त्याचा दिवस उभा असतो, ते तिन्ही या काळात एकाच वेळी बदलतात.

याचा परिणाम केवळ मुलापुरता राहत नाही. लोक काय म्हणतील या धास्तीने अनेक कुटुंबे सणाला नातेवाइकांकडे जाणे टाळतात, मंडळाच्या आरतीला जात नाहीत आणि हळूहळू सामाजिक जीवनातूनच बाजूला पडतात. पुरेशी पूर्वतयारी केल्यास ही वेळ टाळता येते. त्या तयारीचे स्वरूप काय असावे आणि त्यामागील कारणे कोणती, याचा हा आढावा.

स्वमग्नता म्हणजे काय?

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणावर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून वैद्यकशास्त्रात स्वमग्नतेचा स्वतंत्रपणे अभ्यास होऊ लागला. हा आजार नव्हे; मेंदूची जडणघडण वेगळ्या रीतीने झाल्यामुळे जन्मजात असणारी ही अवस्था आहे. संवाद साधण्याची व इतरांशी जुळवून घेण्याची पद्धत वेगळी असणे, तसेच वागण्यात व आवडीनिवडीत तोचतोपणा असणे ही तिची प्रमुख लक्षणे मानली जातात. काही मुले अजिबात बोलत नाहीत, तर काही अस्खलित बोलतात. काहींना दैनंदिन कामांत सतत मदत लागते, तर काही मुले नेहमीच्या शाळेत उत्तम शिकतात. म्हणूनच या अवस्थेला वर्णपटाची उपमा दिली जाते.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत आणखी एका लक्षणाचा समावेश झाला. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांना अतितीव्र अथवा अत्यल्प प्रतिसाद मिळणे, हे ते लक्षण होय. सणांचा विचार करताना नेमका हाच भाग सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो.

सणातील नेमके काय त्रासदायक ठरते?

ढोल-ताशांचा कडकडाट सर्वसामान्य मुलाला क्षणभर दचकवतो. त्यानंतर त्याचा मेंदू त्या आवाजाला सरावतो. अनेक स्वमग्न मुलांच्या बाबतीत हे सरावणे घडत नाही अथवा फार संथपणे घडते. दहाव्या मिनिटाचा ठोकाही पहिल्या ठोक्याइतकाच आदळतो. त्यातच झांजा, ध्वनिक्षेपक, लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा, धूप-अगरबत्तीचा वास आणि गर्दीतील धक्के यांची भर पडते. संवेदनांचा हा भार एका मर्यादेपलीकडे गेला की मूल कान झाकते, किंचाळते, जमिनीवर लोळण घेते, स्वतःला मारून घेते, पळ काढते किंवा पूर्णपणे गप्प होऊन जाते.

या उद्रेकाला इंग्रजीत ‘मेल्टडाऊन’ म्हणतात. हट्टापेक्षा तो वेगळा असतो. हट्ट करणाऱ्या मुलाला काही हवे असते, त्याचे लक्ष समोरच्या व्यक्तीच्या प्रतिक्रियेकडे असते आणि हवी ती वस्तू मिळाली की रडणे थांबते. उद्रेकाच्या वेळी मुलाचा स्वतःवरील ताबा सुटलेला असतो. त्याला खेळणे वा मिठाई देऊन उपयोग होत नाही आणि रागावल्याने भार आणखी वाढतो. हा फरक घरातील सर्वांना ठाऊक असणे ही तयारीची पहिली पायरी आहे.

काही कारणे मात्र सहजी लक्षात येत नाहीत. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत कपाटाची जागा बदलते, जुने खेळणे भंगारात जाते. गणपतीच्या मखरासाठी सोफा हलवला जातो आणि मुलाचा रोजचा बसण्याचा कोपरा नाहीसा होतो. नरकचतुर्दशीला पहाटे उठवून अंगाला तेल व उटणे लावले जाते. तेलाचा चिकटपणा, उटण्याचा खरखरीतपणा आणि नवा वास हे सारे एकदम येते. नव्या कपड्यांची जर टोचते, गळ्यामागची पट्टी खुपते. विसर्जनाच्या दिवशी तर दहा दिवस घरात असलेली मूर्ती पाण्यात सोडली जाते. मूर्तीशी मनाने जोडले गेलेल्या मुलाला ती परत का येत नाही, हे कोणी समजावून सांगितलेलेच नसते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. अनेक स्वमग्न मुलांना सण मनापासून आवडतात. कोणी सर्व आरत्या क्रमाने पाठ म्हणते, कोणाला पुढील वर्षीच्या सणांच्या तारखा तोंडपाठ असतात, कोणी पणत्यांची रांग तासन्‌तास मांडत बसते, तर कोणाला ढोलाच्या कंपनातच आनंद मिळतो. त्यामुळे ‘याला सण झेपणार नाही’ असे आधीच गृहीत धरणे योग्य नाही. आपल्या मुलाला काय आवडते आणि काय सोसत नाही, याची यादी गेल्या वर्षीच्या अनुभवावरून तयार करणे हीच खरी सुरुवात होय.

तयारी दोन-तीन आठवडे आधी

अनिश्चितता हे स्वमग्न मुलांच्या अस्वस्थतेचे मोठे कारण असते. म्हणून पुढे काय होणार आहे, हे त्यांना दिसेल अशा स्वरूपात सांगणे उपयुक्त ठरते. बोललेला शब्द हवेत विरतो. चित्र समोर राहते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात विकसित झालेल्या ‘टीच’ या कार्यपद्धतीने चित्रमय वेळापत्रकाचा वापर रूढ केला. आज जगभरातील विशेष शिक्षक ते वापरतात.

घरी असे वेळापत्रक करणे अवघड नाही. मोठ्या दिनदर्शिकेवर सणाच्या दिवशी गणपतीचे, पणतीचे किंवा कंदिलाचे चित्र चिकटवावे आणि रोज रात्री मुलाच्या हाताने एकेक दिवस खोडावा. सणाच्या दिवसासाठी स्वतंत्र पट्टी करावी : अंघोळ, नवे कपडे, पूजा, जेवण, पाहुणे, माझ्या खोलीत विश्रांती, झोप. प्रत्येक टप्प्यासाठी एक छायाचित्र अथवा साधे रेखाचित्र पुरेसे असते. एक टप्पा संपला की ते चित्र काढून ठेवावे. पूजेला उशीर होण्याची शक्यता असते, त्यामुळे घड्याळातील वेळेपेक्षा क्रमावर भर द्यावा. ‘बदल’ असे एक कार्डही तयार ठेवावे. अचानक काही बदलल्यास ते दाखवून नवा क्रम समजावता येतो.

दुसरे साधन म्हणजे ‘सामाजिक गोष्ट’. अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ही पद्धत मांडली. मुलाच्या दृष्टिकोनातून, लहान व सत्य वाक्यांत येऊ घातलेल्या प्रसंगाचे वर्णन करायचे, असे तिचे स्वरूप आहे. उदाहरणार्थ : ‘आमच्या घरी गणपती येणार आहेत. बाबा मूर्ती आणतील. आरतीच्या वेळी सगळे टाळ्या आणि झांजा वाजवतील. आवाज मोठा असेल. आवाज नको वाटला तर मी कानांवर हेडफोन लावू शकतो किंवा आजीच्या खोलीत जाऊ शकतो. आरती संपली की प्रसाद मिळेल. पाच दिवसांनी मूर्तीचे विसर्जन होईल. मूर्ती पाण्यात विरघळेल. पुढच्या वर्षी नवी मूर्ती येईल.’ अशा गोष्टीत आज्ञा कमी आणि माहिती अधिक असावी. ‘कोणीही ओरडणार नाही’ यांसारखी, पाळली जाण्याची खात्री नसलेली आश्वासने देऊ नयेत. रोज ठरावीक वेळी, बहुधा झोपण्यापूर्वी, ती गोष्ट चित्रांसह वाचून दाखवावी.

तिसरा भाग सरावाचा. आरतीची ध्वनिफीत आधी अगदी हळू आवाजात लावावी आणि काही दिवसांत आवाज थोडा थोडा वाढवावा. मूल अस्वस्थ झाल्यास मागे यावे. मंडळाचा मंडप सकाळी, गर्दी नसताना दाखवून आणावा. नवे कपडे दोन-तीन वेळा धुऊन मऊ करावेत, पट्टी कापून टाकावी आणि सणापूर्वी काही वेळा घरी घालून पाहावेत. तरीही ते नकोसे वाटत असतील, तर सवयीच्या सुती कपड्यांत सण साजरा झाल्याने काही बिघडत नाही. उटण्याऐवजी नेहमीचा साबण चालतो आणि अभ्यंगस्नान पहाटेऐवजी मुलाच्या रोजच्या वेळी करता येते. साफसफाईत मुलाची खोली शेवटी घ्यावी आणि वस्तू हलवण्यापूर्वी त्याला दाखवावी.

कर्नाटक, तेलंगण, मध्य प्रदेश, गुजरात वा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसमोर भाषेचाही प्रश्न असतो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि शेजारी कन्नड वा हिंदी अशा वातावरणात एकाच गोष्टीसाठी निरनिराळे शब्द मुलाच्या कानी पडतात. ‘पुरे’, ‘बाहेर जायचे’, ‘मदत’ अशा अत्यावश्यक शब्दांसाठी घरी, शाळेत आणि प्रवासात एकच चित्र वापरल्यास शब्द बदलला तरी अर्थ कायम राहतो.

पाहुणे, नातेवाईक आणि अपेक्षा

सणातील ताणाचा मोठा वाटा माणसांच्या अपेक्षांतून येतो. ‘काकांना नमस्कार कर’, ‘मावशीला पापा दे’, ‘एक गाणे म्हणून दाखव’ अशा आग्रहात प्रेम असते. पण अनपेक्षित स्पर्श आणि सर्वांच्या रोखलेल्या नजरा मुलाला असह्य होऊ शकतात. नातेवाइकांना आधीच दूरध्वनीवरून अथवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात चार ओळींचा निरोप पाठवणे हिताचे ठरते. मूल नजरेला नजर देत नसले तरी ते ऐकत असते, त्याला विचारल्याशिवाय जवळ घेऊ नये, एका वेळी एकानेच बोलावे, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे आणि ते खोलीत निघून गेल्यास त्याला परत बोलावू नये, एवढे सांगितले तरी पुष्कळ ताण कमी होतो. नमस्काराऐवजी हात हलवणे किंवा हातावर हात टेकवणे हा पर्याय चालेल, हे वडीलधाऱ्यांनी मान्य केले तर इतरही स्वीकारतात.

भाऊबीजेला ओवाळताना निरांजनाची ज्योत चेहऱ्याजवळ येते आणि कपाळाला ओला टिळा लागतो. दोन्ही गोष्टी काही मुलांना सोसत नाहीत. निरांजन थोडे दूर धरणे, टिळा हाताच्या मागील बाजूस लावणे किंवा मुलाला स्वतःच लावू देणे असे बदल करता येतात. धुळवडीला रंग अंगावर न टाकता कागदावर खेळण्याची मुभा द्यावी. विधीचे मर्म आपुलकीत असते; तपशील मुलानुसार वळवल्याने त्याला बाधा येत नाही.

जेवणाच्या बाबतीतही आग्रह टाळावा. अनेक स्वमग्न मुले मोजकेच पदार्थ खातात, कारण पोत, रंग आणि वास यांबाबत ती अतिसंवेदनशील असतात. परगावी जाताना मुलाचे नेहमीचे दोन-तीन पदार्थ सोबत असावेत. फराळाचे ताट समोर असले तरी चाखण्याची सक्ती नसावी. गहू किंवा दूध बंद केल्याने स्वमग्नता कमी होते, असे सुचवणारे परिचित या दिवसांत हमखास भेटतात. त्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही. आधीच मर्यादित असलेला आहार वैद्यकीय सल्ल्याविना आणखी आखडल्यास कुपोषणाचा धोका संभवतो.

भावंडांकडेही लक्ष असावे. दर वर्षी कार्यक्रम अर्धवट सोडून घरी परतावे लागलेल्या बहिणीच्या वा भावाच्या मनात खंत साठत जाते. आई-वडिलांनी पाळी वाटून घेतली, तर एक जण स्वमग्न मुलासोबत लवकर परतू शकतो आणि दुसरा इतर मुलांसोबत कार्यक्रमाला थांबू शकतो.

फटाके, आवाज आणि कायदा

फटाक्यांचा त्रास सर्वांत अवघड, कारण तो केव्हा होईल हे घरच्यांच्या हातात नसते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सण व सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्री १२ पर्यंत शिथिल करू शकते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि तेथे मोठ्या आवाजाचे फटाके फोडण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिलेल्या निर्णयात दिवाळीत फटाके फोडण्यासाठी रात्री ८ ते १० ही वेळ निश्चित केली होती. काही राज्यांत व शहरांत स्थानिक पातळीवर अधिक कडक आदेशही निघतात.

या नियमांचा पालकांना दुहेरी उपयोग आहे. उल्लंघन झाल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांकडे तक्रार करता येते आणि मुलाला ‘फटाके साधारण या वेळेत वाजतील’ असे सांगण्यासाठी एक चौकट मिळते. त्या वेळेत खिडक्या-दारे बंद करून, जाड पडदे ओढून, पंखा अथवा ओळखीचे संगीत लावून आतल्या खोलीत आवडता खेळ योजावा. कानांवर पूर्ण बसणारे आवाजरोधक हेडफोन उपयोगी पडतात. मात्र त्यांची सवय आधीपासून लावावी आणि ते दिवसभर न वापरता गरजेपुरतेच वापरावेत. सतत वापरल्यास नेहमीचे आवाजही अधिक खुपू लागण्याची शक्यता असते.

सुरक्षेची काळजी

काही स्वमग्न मुलांना वेदना व उष्णता यांची जाणीव कमी होते आणि धोक्याचा अंदाज येत नाही. पणतीची ज्योत किंवा भुईचक्राचे फिरते रंग त्यांना खेचून घेतात. पेटत्या पणत्या मुलाच्या हाताच्या टप्प्याबाहेर असाव्यात. त्याच्यासाठी बॅटरीवरच्या पणत्या वेगळ्या द्याव्यात.

दुसरा गंभीर धोका हरवण्याचा आहे. घाबरलेले मूल गर्दीतून वाट फुटेल तिकडे धावते आणि त्याला नाव-पत्ता सांगता येतोच असे नाही. अशी मुले अनेकदा पाण्याकडे आकर्षित होतात, त्यामुळे विसर्जन घाट, नदीकाठ आणि समुद्रकिनारा येथे विशेष दक्षता हवी. घरातून निघण्यापूर्वी मुलाचे ताजे छायाचित्र काढावे; पालकांचा दूरध्वनी क्रमांक असलेली पट्टी मनगटावर, बुटात किंवा कपड्याच्या आतल्या बाजूस असावी. गर्दीत मुलाची जबाबदारी एका वेळी एकाच व्यक्तीकडे स्पष्टपणे सोपवलेली असावी. ‘सगळे आहेत’ अशा वेळी बहुधा कोणाचेच लक्ष नसते. मूल दिसेनासे झाल्यास प्रथम जवळची पाण्याची ठिकाणे तपासावीत आणि विलंब न करता ११२ वर कळवावे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही उपलब्ध आहे.

औषधांचे वेळापत्रक सणातही मोडू नये. स्वमग्नतेसोबत अपस्माराचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा अधिक आढळते, तसेच जागरण व चुकलेली गोळी ही झटका येण्याची परिचित कारणे आहेत. म्हणून गोळ्या हातसामानात ठेवाव्यात आणि झोपेची वेळ शक्यतो पाळावी.

उद्रेक झालाच तर

उत्तम तयारीनंतरही तोल ढळू शकतो. त्या वेळी कमी बोलावे, आवाज खाली ठेवावा, गर्दी हटवावी आणि मुलाला शांत जागी न्यावे. ‘काय झाले?’ असे पुन्हा पुन्हा विचारू नये. स्वतःला इजा होत नसेल तर घट्ट धरून ठेवू नये. काही मुलांना मात्र घट्ट मिठी किंवा जड पांघरूण हवेसे वाटते, याची माहिती पालकांना असते. अशी जागा आधीच ठरलेली असावी. यजमानांकडे गेल्यावर प्रथम ती मुलाला दाखवावी आणि तेथे त्याचे आवडते खेळणे व चादर ठेवावी. मुलाने ‘पुरे’ हे कार्ड दाखवले की पाच मिनिटांत निघायचे, हा नियम मोठ्यांनी पाळला तर मुलाचा विश्वास बसतो आणि पुढच्या वेळी ते अधिक काळ थांबू शकते. वीस मिनिटांची सुखद भेट ही तीन तासांच्या ताणलेल्या भेटीपेक्षा अधिक मोलाची असते.

मंडळे आणि सोसायट्यांची भूमिका

अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये नमूद २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. याच कायद्याच्या कलम २९ नुसार अपंग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवनात सहभागी होता यावे, यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांवर आहे. त्याआधी १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासामार्फत ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना राबवली जाते. तिच्याअंतर्गत स्वमग्न व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

सार्वजनिक मंडळांना व गृहनिर्माण संस्थांना फारसा खर्च न करता पुष्कळ काही करता येईल. ढोलवादन व आतषबाजी यांच्या वेळा आधी जाहीर करणे, दिवसातून एक तास ध्वनिक्षेपक बंद व रोषणाई स्थिर ठेवणे, त्या वेळेत रांगेविना दर्शनाची सोय करणे, मंडपाजवळ एक शांत कोपरा राखणे आणि स्वयंसेवकांना या मुलांविषयी पाच मिनिटांची माहिती देणे हे त्यातील काही उपाय. त्यांचा लाभ तान्ह्या बाळांच्या माता, वृद्ध आणि रुग्ण यांनाही होईल.

सणानंतरचे दिवस

पाहुणे गेले, मखर उतरले, सुट्टी संपली की मुलाला आणखी एका बदलाला सामोरे जावे लागते. शाळा सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून झोपेची व जेवणाची वेळ पूर्ववत करावी आणि दिनदर्शिकेवर शाळेचे चित्र लावावे. सणाची छायाचित्रे एकत्र करून मुलासोबत पाहावीत. न बोलणारे मूलही आवडत्या छायाचित्रावर बोट ठेवते. काय जमले, काय जमले नाही, कोणत्या क्षणी त्रास झाला, याची नोंद पालकांनी वहीत करून ठेवावी. पुढील वर्षीच्या तयारीला ही नोंद उपयोगी पडते. शिक्षक व उपचारतज्ज्ञांनाही त्या नोंदीतून मूल कोठे पुढे सरकले आहे, हे समजू शकते.